मिरजगाव ते पुणतांबा : रयतेचा शब्द आणि सरकारचे कान

अहिल्यानगर जिल्ह्यातील (२०२४ पर्यंतचे नाव अहमदनगर) पुणतांबा हे गाव एरवी चांगदेवांची समाधी, गोदावरीचा काठ आणि दौंड-मनमाड लोहमार्गावरून शिर्डीकडे फुटणारा फाटा, एवढ्यापुरतेच बाहेरच्यांना ठाऊक असते. ३ एप्रिल २०१७ रोजी या गावाच्या ग्रामसभेने एक ठराव केला. मागण्या मान्य झाल्या नाहीत, तर १ जूनपासून शेतकऱ्यांनी संपावर जायचे, असा तो ठराव. खरिपाची पेरणी घरापुरती करायची, दूध-भाजीपाला शहरांकडे पाठवायचा नाही. संप करतो तो नोकर. शेतकऱ्याला मालकच नाही, मग त्याने संप करायचा तो कोणाविरुद्ध, असा प्रश्न तेव्हा अनेकांनी हसत विचारला. दोन महिन्यांनी मुंबई, पुणे, नाशिकच्या बाजारांत भाज्यांचे भाव कडाडले आणि मंत्रालयात रात्री उशिरापर्यंत दिवे जळू लागले, तेव्हा हसू मावळले.

इतिहास म्हटला की आपल्या डोळ्यांपुढे तह, लढाया आणि नेत्यांची भाषणे येतात. नगर जिल्ह्याच्या बाबतीत तर भुईकोट किल्ला, चांदबिबी आणि १९४२ नंतर त्या किल्ल्यात स्थानबद्ध असलेले नेहरू, आझाद यांचीच आठवण आधी निघते. पण याच जिल्ह्याच्या गावकुसांत बोलल्या गेलेल्या, पारावर ठरलेल्या आणि कोणा कारकुनाने कागदावर उतरवलेल्या शब्दांनी निदान दोनदा राज्यकर्त्यांना नवे निर्णय घ्यायला लावले. पुणतांब्याची वेळ दुसरी होती. पहिल्या वेळेला आता दीडशे वर्षे झाली.

१८६१ ते १८६५ या काळात अमेरिकेत यादवी युद्ध पेटले होते. तिकडचा कापूस इंग्लंडच्या गिरण्यांना मिळेना, म्हणून मुंबई इलाख्यातील कापसाला सोन्याचा भाव आला. दख्खनच्या शेतकऱ्याला मागेल तेवढे कर्ज मिळू लागले. युद्ध संपले, भाव कोसळले आणि सावकारांनी पसरलेला हात आवरता घेतला. त्याच सुमारास तीस वर्षांची मुदत संपलेल्या जमीन महसुलाची फेरआकारणी सुरू झाली. तिची सुरुवात १८६७ मध्ये इंदापूर तालुक्यात झाली आणि आकारणी कित्येक ठिकाणी दीडपट-दुपटीच्या घरात गेली. कर्ज मिळेना आणि सारा वाढला, अशा कात्रीत रयत सापडली.

या असंतोषाचे पहिले रूप हिंसेचे नव्हते, हे आवर्जून सांगायला हवे. आज पुणे जिल्ह्यात असलेल्या शिरूर तालुक्यातील कर्डे गावी एका सावकाराने तेथील देशमुखांविरुद्ध जप्तीचा हुकूमनामा मिळवला. गावकऱ्यांनी त्यावर बहिष्काराचे हत्यार उपसले. सावकाराच्या दुकानातून माल घ्यायचा नाही, त्याची शेते कसायची नाहीत, न्हाव्याने त्याची हजामत करायची नाही, पाणक्याने पाणी भरायचे नाही. हे पारावर ठरत होते आणि गावोगाव पोचत होते. १२ मे १८७५ रोजी सुपे येथे बाजाराच्या दिवशी जमलेल्या लोकांनी सावकारांची घरे-दुकाने गाठली, तेव्हा ठिणगी पडली. ती पाहता पाहता नगर जिल्ह्यात आली. श्रीगोंदे आणि पारनेर तालुक्यांत तिचा जोर अधिक होता. नगर आणि कर्जत तालुक्यांतही तिची झळ पोचली.

या दंग्यांचे एक वैशिष्ट्य इंग्रज अधिकाऱ्यांच्याही ध्यानात आले होते. जमावाला रक्त नको होते, कागद हवे होते. कर्जरोखे आणि खतावण्या मुकाट्याने हवाली करणाऱ्या सावकाराला सहसा धक्का लागला नाही. जी अक्षरे आपल्याला वाचता येत नाहीत, पण जी आपली जमीन गिळतात, ती अक्षरेच जाळून टाकायची, असा तो साधा हिशेब होता. पुणे आणि नगर मिळून साडेनऊशेच्या आसपास लोकांना अटक झाली आणि त्यांतील निम्म्याहून अधिकांना शिक्षा झाल्या.

१८५७ ची आठवण ताजी होती. मुंबई सरकारला हा प्रकार नुसत्या लाठीने मिटवणे धोक्याचे वाटले आणि चौकशीसाठी आयोग नेमण्यात आला. हाच तो ‘दख्खन दंगे आयोग’. त्याचा अहवाल पुढे १८७८ मध्ये ब्रिटिश पार्लमेंटपुढे ठेवला गेला. आयोगाने रयतेच्या, सावकारांच्या आणि अधिकाऱ्यांच्या जबान्या घेतल्या, पिकांचे भाव आणि व्याजाचे दर गोळा केले, जिल्हाधिकाऱ्यांची टिपणे मागवली. या कागदांच्या ढिगात कर्जत तालुक्यातील मिरजगावच्या एका रयताचा नगरच्या कलेक्टरला उद्देशून केलेला अर्ज आहे. दीडशे वर्षांपूर्वीच्या सामान्य माणसाचे म्हणणे इतक्या नेमकेपणाने क्वचितच हाती लागते.

या अर्जात आक्रोश नाही. व्यवहाराचा तपशील आहे. घरखर्च भागत नाही, म्हणून सावकारापुढे पैसा, कपडा आणि धान्य यांसाठी हात पसरावा लागतो. तो देताना जाचक अटींचा रोखा लिहून घेतो. रोखीने घेणाऱ्या गिऱ्हाइकाला जो भाव, त्याहून २५ ते ५० टक्के अधिक भाव उधारीच्या गिऱ्हाइकाला पडतो. शेतातला माल सावकार उचलून नेतो, तो तुमच्या खाती जमा धरू म्हणतो, पण वहीत त्याचा उल्लेखही करत नाही. आणि नेलेल्या मालाची पावती मागितली, तर ती देत नाही.

पावती देत नाही! सगळ्या दुखण्याची नस या माणसाने बरोबर पकडली होती. सावकाराचा शब्द कागदावर होता आणि रयतेचा हवेत. न्यायालयात कागद बोले, माणूस गप्प राही. कर्जाचा मूळ आकडा किती, फेड किती झाली, व्याजावर व्याज कसे चढले, हे सांगायला शेतकऱ्याजवळ आपल्या तोंडाखेरीज काही नव्हते आणि त्या तोंडाला न्यायालयात किंमत नव्हती.

१८७९ मध्ये दख्खन कृषक साहाय्य कायदा झाला. प्रथम तो पुणे, सातारा, सोलापूर आणि अहमदनगर या चार जिल्ह्यांना लागू करण्यात आला. रोख्यावर अंगठा आहे एवढ्यावरून डिक्री न देता, त्या कर्जाचा आरंभापासूनचा इतिहास न्यायाधीशाने तपासावा, असे बंधन त्याने घातले. शेतकऱ्याला कर्जापायी तुरुंगात घालण्याची पद्धत बंद झाली. गावपातळीवर रोख्यांच्या नोंदणीची आणि तडजोडीने वाद मिटवण्याची व्यवस्था आली. शिवाय या कायद्यात एक स्वतंत्र प्रकरण केवळ हिशेबासाठी होते : शेतकऱ्याने दिलेल्या रकमेची लेखी पावती मिळणे, वर्षाकाठी हिशेबाचा उतारा मिळणे आणि खातेपुस्तक मागता येणे हा त्याचा हक्क ठरला. मिरजगावच्या एका अर्जामुळे हे झाले, असे म्हणणे भाबडेपणाचे होईल. तसे अर्ज अनेक होते, आयोगापुढे जबान्या देणारेही अनेक होते. पण पावतीची मागणी वरून सुचलेली नव्हती, ती खालून आली होती, हे मात्र निर्विवाद आहे.

कायद्याने सावकारी संपली नाही, हेही सांगून टाकू. सावकारांनी गहाणखताऐवजी सरळ खरेदीखत लिहून घेण्याची युक्ती काढली. कर्जाऐवजी कागदोपत्री विक्रीच दाखवली, की इतिहास तपासायचा प्रश्नच उरत नाही. तेव्हा कायद्यात पुन्हा दुरुस्ती झाली आणि खरेदीखताच्या आड दडलेले गहाण तोंडी पुराव्याने सिद्ध करण्याची वाट मोकळी झाली. कागदाविरुद्ध तोंडाला मिळालेला हा विजय कायद्याच्या अभ्यासकांबाहेर फारसा कोणाला ठाऊक नाही.

आयोगाने रयतेचे ऐकले, पण अर्धेच. सावकाराविषयीची तक्रार त्याने मनापासून लिहून घेतली. सरकारी साऱ्याविषयीची तक्रार ऐकताना मात्र त्याचे कान बधिर झाले. दंग्यांचे कारण महसुलाचा बोजा नव्हे, सावकारांची पिळवणूक आहे, असा निष्कर्ष निघाला. पुण्याच्या सार्वजनिक सभेने याच सुमारास रयतेची गाऱ्हाणी गोळा केली होती, त्यांत साऱ्याचा प्रश्न ठळक होता. परकी सरकार स्वतःकडे बोट दाखवणारा अहवाल सहसा लिहीत नाही. आणि आपल्याकडे स्वकीय सरकारांनाही तो लिहिणे जमलेले नाही. मराठीत दिलेली जबानी इंग्रजीत उतरताना काय गळले, काय घातले गेले, याचा अदमास आता कोणालाच करता येणार नाही.

मधला काळ घटनांनी भरलेला आहे. १८७६ नंतरचा दुष्काळ, विसाव्या शतकाच्या आरंभी आलेली सहकारी पतसंस्थांची चळवळ, लोणीच्या विठ्ठलराव विखे पाटलांनी धनंजयराव गाडगीळांच्या साथीने उभारलेला प्रवरेचा सहकारी साखर कारखाना. जिल्ह्याबाहेर जाऊन पाहिले, तर कुलाबा (आताचा रायगड) जिल्ह्यातील चरी गावी नारायण नागू पाटील यांच्या नेतृत्वाखाली १९३३ मध्ये सुरू झालेला आणि सहा वर्षे चाललेला शेतकऱ्यांचा संप दिसतो. खोतांची जमीन कसायचीच नाही, असे कुळांनी ठरवले होते. त्यामुळे शेतकऱ्यांचा संप ही कल्पना पुणतांब्याने शून्यातून काढली नव्हती. चरीच्या कुळांपुढे मात्र खोत नावाचा प्रतिपक्ष प्रत्यक्ष उभा होता. पुणतांब्याचा प्रतिपक्ष बाजारभाव नावाची न दिसणारी वस्तू होती.

२०१७ च्या ठरावाला जोर आला तो त्याच्या जागेमुळे. एखाद्या संघटनेने पत्रक काढले असते, तर ते वर्तमानपत्राच्या आतल्या पानावर चार ओळींत संपले असते. ग्रामसभा ही कायद्याने मान्य केलेली, गावातील सर्व मतदारांची सभा आहे. तिचा ठराव इतिवृत्तात जातो, त्याची प्रत तहसीलदाराकडे, जिल्हाधिकाऱ्याकडे पाठवता येते. आसपासच्या गावांनीही आपापल्या ग्रामसभा घेऊन त्याला पाठिंब्याचे ठराव जोडले. कर्जमाफी, उत्पादन खर्चावर पन्नास टक्के नफा धरून हमीभाव देण्याची स्वामीनाथन आयोगाची शिफारस, दुधाला भाव, वीज, साठीनंतर निवृत्तिवेतन अशी मागण्यांची यादी होती. पहिल्या मागणीचे नाव लोकांच्या तोंडी ‘सातबारा कोरा’ असे होते.

१ जूनला संप सुरू झाला. दुधाचे टँकर अडले, रस्त्यावर दूध ओतले गेले. ते दृश्य शहरी मध्यमवर्गाला रुचले नाही आणि ते रुचण्यासारखे नव्हतेच. ३ जूनच्या पहाटे मुख्यमंत्र्यांच्या ‘वर्षा’ निवासस्थानी काही शेतकरी प्रतिनिधींशी समझोता झाल्याचे जाहीर करण्यात आले. सकाळ उजाडते न उजाडते तोच गावोगावच्या शेतकऱ्यांनी तो झुगारला. आमच्या वतीने कोणी बोलावे, हे आम्हीच ठरवू, असा त्याचा अर्थ होता. पुढे सुकाणू समिती झाली, ५ जूनला महाराष्ट्र बंद झाला, मंत्रिगटाने ११ जूनला चर्चेत कर्जमाफी तत्त्वतः मान्य केली आणि २४ जूनला सरकारने ३४ हजार कोटींची ‘छत्रपती शिवाजी महाराज शेतकरी सन्मान योजना’ घोषित केली. प्रत्येकी दीड लाखापर्यंतचे थकीत कर्ज माफ करण्याची ती योजना होती. दुधाच्या खरेदी दरात लिटरमागे तीन रुपये वाढ झाली. याच जूनमध्ये मध्य प्रदेशात मंदसौर येथे आंदोलक शेतकऱ्यांवर गोळीबार होऊन बळी गेले. भावाचा प्रश्न राज्याच्या सीमेपुरता नव्हता.

पण आता १८७५ च्या आयोगाची आठवण येते. या खेपेलाही म्हणणे अर्धेच ऐकले गेले. कर्जाची बाब सरकारी कानांना कळली, कारण ती एकदा पैसे देऊन मिटवता येते; भावाची बाब तशी मिटत नाही, ती दर हंगामाला पुन्हा उभी राहते. ऑनलाइन अर्ज, पात्रतेच्या अटी, बँकांच्या याद्या यांच्या चाळणीतून जाता जाता प्रत्यक्ष वाटलेली रक्कम घोषणेपेक्षा बरीच कमी राहिली. डिसेंबर २०१९ मध्ये नव्या सरकारने दोन लाखांपर्यंतच्या कर्जासाठी महात्मा जोतीराव फुले यांच्या नावे दुसरी योजना जाहीर केली. पहिलीने काम भागले असते, तर अडीच वर्षांत दुसरी लागली नसती. जून २०२२ मध्ये पुणतांब्याचे शेतकरी पुन्हा धरणे धरून बसले, तेव्हा त्यांच्या यादीत शेतात उभा राहिलेला ऊस होता, कांदा होता, दूध होते आणि दिवसा वीज होती.

मागणी करणे हे ग्रामसभेचे एकच काम नव्हे. नगर तालुक्यातील हिवरे बाजारने १९८९ नंतर पोपटराव पवार यांच्या सरपंचपदाच्या काळात जे केले, त्यात सरकारकडे मागणे कमी आणि स्वतःवर बंधने घालून घेणे जास्त होते. पाऊस किती पडला, जमिनीत किती मुरला, माणसांना आणि गुरांना किती लागेल, याचा ताळेबंद ग्रामसभेपुढे मांडला जातो आणि उरलेल्या पाण्यात कोणती पिके घ्यायची, हे तेथे ठरते. शेतीसाठी कूपनलिका खोदायची नाही, उसासारखी तहानलेली पिके घ्यायची नाहीत, हे निर्णय सक्तीने नव्हे, सर्वांसमक्ष झालेल्या बोलण्यातून टिकले. आपल्या विहिरीत पाणी दिसत असताना शेजाऱ्यासाठी ते राखून ठेवायला माणूस तयार होतो, तो भर सभेत दिलेल्या शब्दापोटी.

पारनेर तालुक्यातील राळेगणसिद्धीने दुसरी बाजू दाखवली. अण्णा हजारे १९७५ मध्ये गावी परतल्यावर तेथे पाणलोटाचे काम आणि दारूबंदी झाली. राज्याचा माहिती अधिकार कायदा (२००२) अमलात यावा यासाठी चाललेल्या आंदोलनाचे केंद्रही हेच गाव होते. ऑगस्ट २००३ मध्ये मुंबईत हजारे यांचे उपोषण झाले आणि दोन वर्षांनी देशाचा कायदा आला. सरकारी दप्तरातला कागद बघण्याचा हक्क मागणे म्हणजे एका अर्थी पावतीच मागणे. पण याच गावात सुरुवातीच्या काळात दारू पिणाऱ्यांना खांबाला बांधून मारले जाई, हेही जगजाहीर आहे. गावाचा एकमुखी आवाज एकट्यादुकट्याला फटका देऊ शकतो, हे आदर्श गावांची कौतुके करताना आपण सोयीस्करपणे विसरतो.

सभेत कोण बोलतो, हा खरा प्रश्न. कायद्याप्रमाणे गावातील १५ टक्के किंवा १०० मतदार, यांपैकी जे कमी असेल, तेवढ्या गणसंख्येवर ग्रामसभा भरते. ती न भरल्यास तहकूब सभेला गणसंख्येची अट उरत नाही. त्यामुळे अनेक गावांत पहिली सभा तहकूब होण्यासाठीच बोलावली जाते, हे उघड गुपित आहे. नियमित ग्रामसभेपूर्वी स्त्रियांची स्वतंत्र सभा घेण्याची तरतूद आहे, ती कित्येकदा सह्यांपुरती उरते. शेतमजूर, भूमिहीन, वस्तीवरचे लोक मागच्या रांगेत उभे असतात. ‘शेतकरी’ या शब्दात ते बसतात की नाही, हे २०१७ च्या संपातही पुरेसे स्पष्ट झाले नाही. सातबारा कोरा व्हायला आधी सातबारा असावा लागतो.

या मागच्या रांगेचा आवाज छापला जाण्याची परंपराही नगरशी जोडलेली आहे. अमेरिकन मिशनने १८४२ मध्ये अहमदनगर येथे सुरू केलेल्या ‘ज्ञानोदय’ या नियतकालिकात १८५५ साली मुक्ता साळवे हिचा मांग-महारांच्या दुःखाविषयीचा निबंध प्रसिद्ध झाला. ती पुण्यात जोतीराव-सावित्रीबाईंच्या शाळेत शिकत होती, मातंग समाजातील होती आणि वयाने लहान मुलगी होती. आम्हाला ज्याचे ग्रंथ वाचायचीही बंदी आहे, तो धर्म आमचा कसा, असा तिच्या विचारांचा रोख होता. दख्खनच्या दंग्यांच्या वीस वर्षे आधी हे शब्द छापले गेले. पण त्यांची चौकशी करायला कोणताही आयोग नेमला गेला नाही, कारण त्या शब्दांच्या मागे खतावण्या जाळणारा जमाव नव्हता.

न बोलण्यानेही इतिहास घडतो. जामखेड तालुक्यातील खर्डा येथे एप्रिल २०१४ मध्ये एका शाळकरी दलित मुलाची हत्या झाली. दिवसाढवळ्या, गावात. खटला उभा राहिला तेव्हा महत्त्वाचे साक्षीदार एकामागून एक फितूर झाले आणि नोव्हेंबर २०१७ मध्ये जिल्हा न्यायालयात सर्व आरोपी सुटले. ज्या जिल्ह्यातील एका गावाचा शब्द जूनमध्ये मंत्रिमंडळाला हलवून गेला, त्याच जिल्ह्यात पाच महिन्यांनी न्यायालयाच्या पिंजऱ्यात शब्द फुटला नाही. ग्रामसभेत हात वर करताना शेजारी आपल्या बाजूने असतो; साक्षीदाराला बहुधा शेजाऱ्याविरुद्धच बोलायचे असते आणि संध्याकाळी त्याच वाटेने घरी परतायचे असते. त्याचे रेशन, त्याची मजुरी, त्याच्या मुलांची शाळा त्याच गावात असते. १८७५ मध्ये सावकारावर घातलेला बहिष्कार आपण शौर्य म्हणून वाचतो. तेच हत्यार गाव आपल्यातल्या दुबळ्यावर उगारते, तेव्हा त्याची नोंद बहुधा कोठेही होत नाही.

अत्याचार प्रतिबंधक कायद्यातील दुरुस्ती जानेवारी २०१६ पासून लागू झाली. तिने पीडितांच्या आणि साक्षीदारांच्या हक्कांचे स्वतंत्र प्रकरण कायद्यात घातले : संरक्षण, प्रवासखर्च, पुनर्वसन आणि खटल्याच्या प्रगतीची माहिती मिळण्याचा हक्क. डिसेंबर २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने देशभरासाठी साक्षीदार संरक्षण योजना लागू केली. तिच्याप्रमाणे अर्ज जिल्ह्याच्या सक्षम प्राधिकरणाकडे करायचा असतो आणि पोलिसांनी धोक्याचे मूल्यमापन करून अहवाल द्यायचा असतो. ज्याला बोलायचे आहे, त्याला हे दार ठाऊक असणे गरजेचे आहे. गावच्या चावडीवर त्याची पाटी अजून दिसत नाही.